मंदिराच्या पायातला सुमेरी राजाचा पुतळा: घडवायचा कसा, बसवायचा कसा

इराकमधल्या निप्पुर या प्राचीन शहरात सुमेरी राजा उर-नम्मू आणि त्याचा मुलगा शुल्गी (इ.स.पू. 21वं शतक) यांनी बांधलेल्या मंदिरांच्या पायात विटांच्या पेट्या सापडल्या. पेटीत तांब्याच्या मिश्रधातूचा राजा, डोक्यावर मजुरासारखी पाटी घेतलेला. प्रतिकृती करायची तर कामाचा क्रम असा ठेवा.

आधी मेणाचा पुतळा करा, साधारण 30 सेंटिमीटर उंच: कमरेवर उघडा, डोकं-दाढी सफाचट, दोन्ही हातांनी पाटी धरलेली. मुकुट, दागिने घालू नका. इथे राजा देवाचा मजूर आहे. ओतणीच्या नळ्यांसकट मेण तोला आणि त्याच्या दहापट धातू घ्या. नुसतं तांबं वितळताना वायू शोषतं आणि थंड होताना भोकं पडतात. थोडं कथील घातलं की धातूचा रस नीट वाहतो.

मेणावर पहिला थर चाळलेल्या मातीचा, पातळ. तो सावलीत वाळला की भुसा मिसळलेल्या मातीचे जाड थर द्या. मेण वितळवून काढल्यावर साचा लालबुंद भाजा. ओल राहिली तर वाफेनं रस उसळून अंगावर येतो. पुतळा उलटा ठेवून पायाकडून ओता. हमखास फसतात ती कोपरं: उलट्या साच्यात वर उचललेल्या हातांची कोपरं उंचावर येतात, तिथे हवा कोंडते आणि हात अर्धवट राहतो. दोन्ही कोपरांपासून हवेची नळी काढाच.

पेटीत पुतळ्यासोबत ठेवायचा दगडी फलक वरून फुगीर हवा. त्या काळी भिंतींत सपाट विटा असायच्या, तरी फलकाला जुन्या फुगीर विटेचाच आकार देत. लेखात आधी देवाचं नाव, मग राजाचं, शेवटी ‘मंदिर बांधलं’.

मंदिराची पहिली वीट विधीपूर्वक घडवत; त्यासाठी लगश या सुमेरी राज्याचा राजा गुडिआ याचा लेख पाहा. इराकमधल्या तेल्लो इथे 1877 मध्ये सापडलेल्या मातीच्या दंडगोलांवर तो आहे. मातीत मध, तूप, तेल. साच्यातून काढलेली वीट उन्हात.

पेटी भाजक्या विटांची बांधा. पुतळा कापडात गुंडाळून उभा करा, फलक पायाशी, बरोबर मणी आणि खजुराच्या बिया. सांधे गरम डांबरानं बुजवा. विटा कोरड्या ठणठणीत हव्यात, ओल्या विटेवर डांबर धरत नाही आणि पुढे पाणी झिरपून तांब्यावर हिरवा गंज चढतो. एका पेटीवर भागत नाही: दरवाजाच्या बुरुजांखाली आणि भिंतींच्या कोपऱ्यांत वेगवेगळ्या पेट्या ठेवा, प्रत्येकीत तोच लेख.