‘नव्वद नंबर द्या’ म्हणण्याआधी

माझ्या गॅरेजचं शटर उघडलं की डाव्या भिंतीवर खिळ्याला तीन पितळी रिंगा टांगलेल्या दिसतात. नवखं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "दादा, ह्या बांगड्या कोणाच्या?" बांगड्याच त्या, फक्त एकेकीपायी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागलाय. दोन गिऱ्हाइकांच्या गाड्यांतल्या आहेत. तिसरी मामांच्या गाडीतली, आणि तिचं पाप माझ्या माथी आहे.

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला मी बावीस वर्षं गाड्या उघडतोय. आमच्याकडे गिअर ऑइलबद्दल एकच शास्त्र चालतं: ऊन पंचेचाळीस अंश, म्हणून ऑइल जाड हवं. दुकानात जायचं, "नव्वद नंबर द्या" म्हणायचं, आणि गाडी जरा जुनी असेल तर "एकशेचाळीस टाकी दे ना भो, गिअर शांत व्हतीन". मीही शिकाऊ असताना तेच केलं. मामांच्या व्हॅनचा गिअरबॉक्स कण्हत होता, मी डिफरन्सला, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या भागाला, घालून उरलेलं एकशेचाळीस त्यात ओतलं. आवाज खरंच कमी झाला. मामा खूश, मी त्याहून खूश. दुसऱ्या हिवाळ्यात दुसरा गिअर टाकताना दात वाजायला लागले, आणि खोललं तेव्हा ही रिंग हातात आली.

ती रिंग म्हणजे सिंक्रो रिंग. गिअर बदलताना आतला दांडा एका वेगाने फिरत असतो आणि समोरचा गिअर दुसऱ्याच. दोघांचे दात थेट भिडवले तर ठिणग्या उडतील. म्हणून आधी ही रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर जाऊन घट्ट बसते, घासून दोघांचे वेग एक करते, मग दात आत जातात. थोडक्यात हा एक छोटासा ब्रेक आहे, आणि तो ऑइलात बुडालेला आहे. रिंगेच्या आतल्या बाजूला नख फिरवलं तर बारीक आटे लागतात. ऑइलचा थर कापून धातूपर्यंत पोचायचं, हे त्या आट्यांचं काम. मामांच्या रिंगेवर नख गुळगुळीत सरकतं.

आता ऑइल निवडायचं म्हणजे काय, तर गिअरच्या दातांना वंगण मिळालं पाहिजे आणि ह्या रिंगेला पकडही राहिली पाहिजे. दोन्ही एकाच डब्यातून. त्यामुळे दुकानात पहिला प्रश्न जाडीचा विचारायचाच नाही. पहिला प्रश्न: जीएल किती?

डब्यावर "एपीआय जीएल-४" किंवा "जीएल-५" छापलेलं असतं. एपीआय ही ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था, आणि जीएल म्हणजे गिअर ऑइलचा दर्जा. दाबाखाली दात एकमेकांना चिकटून ओरबाडले जाऊ नयेत म्हणून ह्या ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं घालतात. गिअर ऑइलला जो कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो त्या गंधकाचा. जीएल-५ मध्ये ही द्रव्यं जीएल-४ पेक्षा बरीच जास्त, ढोबळमानाने दुप्पट. जीएल-५ बनलंय मागच्या डिफरन्समधल्या क्राउन-पिनियन ह्या गिअरच्या जोडीसाठी. तिथे दात एकमेकांवर नुसते दाबत नाहीत, रेटून घसरतात, त्याला हायपॉइड म्हणतात. तिथे तेवढं संरक्षण लागतंच. पण तेच गंधक पितळाला, तांब्याला लागतं. गरम झालं की रिंगेवर थर धरतं आणि तो थर सुटताना पितळ सोबत घेऊन जातं. आजकालची चांगली जीएल-५ पितळ पूर्वीइतकं खात नाहीत हे खरं, पण त्या द्रव्यांच्या निसरडेपणाने रिंग घसरायची ती घसरतेच. म्हणून सिंक्रोच्या गिअरबॉक्सला बहुतेक गाड्यांत जीएल-४ लागतं, आणि "पाच मोठं म्हणजे चारपेक्षा चांगलं" हा हिशेब इथे लागू नाही.

दुकानदार कधी कधी डबा फिरवून दाखवतो: "बघा, जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही लिहिलंय." त्याचा अर्थ बहुधा इतकाच की जीएल-५ चा भार झेलतं म्हणजे जीएल-४ चाही झेलतं. रिंगेच्या पकडीबद्दल त्यात काही नाही. त्याच डब्यावर सिंक्रो गिअरबॉक्ससाठी चालतं असं स्पष्ट असेल आणि गाडीच्या पुस्तकातही बसत असेल तरच घ्या. "एमटी-१" लिहिलेला डबा दिसला तर तो ठेवून द्या. ते ट्रक-बसच्या, सिंक्रो नसलेल्या गिअरबॉक्सचं ऑइल.

जीएल ठरलं, मग जाडी. इथे आकड्यांचा एक घोळ आहे तो आधी सोडवतो. इंजिन ऑइलचे आकडे आणि गिअर ऑइलचे आकडे वेगवेगळ्या पट्ट्यांवर मोजतात. गिअरचं नव्वद हे इंजिनच्या चाळीस-पन्नासइतकंच जाड भरतं. त्यामुळे "इंजिनात चाळीस आणि गिअरला नव्वद, म्हणजे दुपटीहून जाड" असं नाही. पण गिअर ऑइलच्या आपापसात आकडे खरे बोलतात: शंभर अंशाला मोजलं तर एकशेचाळीस हे ऐंशीच्या तिपटीच्या आसपास जाड असतं. ७५डब्ल्यू-८० मधला डब्ल्यूचा आकडा थंडीतला, दुसरा गरम झाल्यावरचा. ७५डब्ल्यू उणे चाळीस अंशाला तपासतात, ८०डब्ल्यू उणे सव्वीसला, ८५डब्ल्यू उणे बाराला.

आपल्याकडे कुठे आली उणे चाळीस, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, बर्फ पडत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा सात-आठच्या खाली उतरतो आणि आमच्या केळीच्या बागांत पहाटे त्याहून बोचरं वाटतं. त्या वेळी ८५डब्ल्यू-१४० काकवीसारखं होतं, आणि रिंगेच्या बारीक आट्यांना ते कापता येत नाही. फैजपूरकडचे एक गुरुजी मागच्या जानेवारीत जुनी हॅचबॅक घेऊन आले. "थंडीमा गिअर पडत नही भो. निंभोऱ्यापर्यंत गेलं की मग बरोबर पडस." हे वाक्य म्हणजे निदानच होतं. आधीच्या मालकाने काय ओतलं होतं ते नट खोलल्यावर कळलं. मधासारखी धार, पोरगं म्हणालं, "काका, हे उलथन्यानं काढा लागीन."

आणि उन्हाचं काय? मेमध्ये जळगाव-भुसावळ तापतं हे कोणी नाकारत नाही. पण गिअरबॉक्सच्या आतलं ऑइल चालत्या गाडीत सत्तर-ऐंशी अंशांवर जातंच, पुण्यात असो नाहीतर सावद्यात. कन्नडच्या घाटात भरल्या गाडीनं चढलात तर त्याहून वर. गाडी बनवणाऱ्याने दुसरा आकडा ठरवताना ती उष्णता धरलेली असते. बाहेरच्या पंचेचाळीससाठी एखादी पायरी वर जायची मुभा पुस्तकात दिलेली असेल तर जा, नसेल तर नको. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत पुस्तकाप्रमाणे ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० वापरून उन्हाने गिअरबॉक्स गेलेला मी अजून पाहिला नाही. ऑइल कमी राहिल्याने गेलेले मात्र पुष्कळ पाहिले.

पुस्तक म्हणजे गाडीसोबत मिळणारं ओनर्स मॅन्युअल. जुन्या गाडीसोबत ते मिळत नाही, डिकीत पाना-जॅक मिळाला तरी नशीब. कंपनीच्या साइटवर बहुतेक गाड्यांचं सापडतं. मॉडेल आणि वर्ष दोन्ही जुळवा, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षांगणिक गिअरबॉक्स बदलतो. काही कंपन्या स्वतःचं खास ऑइलच सांगतात, काही तर मॅन्युअल गिअरबॉक्सात ऑटोमॅटिकचं पातळ ऑइल घालायला सांगतात. तिथे माझं किंवा दुकानदाराचं डोकं चालवायचं नाही.

गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी की मागच्या, हेही पाहा. आल्टो, स्विफ्ट, टियागो, आय-टेन ह्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्स एकाच घरात, एकाच ऑइलात राहतात. त्यांचा डिफरन्स साध्या तिरक्या दातांचा, हायपॉइड नव्हे, म्हणून जीएल-४ त्यालाही पुरतं. बोलेरो, ईको, जुनी सुमो ह्यांचं तसं नाही. गिअरबॉक्स पुढे, क्राउन-पिनियन मागच्या हाउसिंगमध्ये. दोन ठिकाणी दोन ऑइल लागतात, मागे बहुधा जीएल-५. केळीच्या पिकअपवाले एकच डबा आणून दोन्हीकडे ओततात, माझ्या भिंतीवरची दुसरी रिंग तशीच आलीय.

ऑइल बदलायच्या आधी एक तपासणी करा, पैसे वाचतील. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत लोण्यासारखे पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर दोष बहुतेक क्लच पूर्ण न सुटण्याचा आहे, ऑइल बदलून काही होणार नाही. रिव्हर्स करकरतो म्हणून घाबरू नका, पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोच नसतो. क्लच दाबून दोन सेकंद थांबा. पण गरम गाडीत तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना दर वेळी दात वाजत असतील तर रिंग झिजलीय. खोलल्यावर रिंग आणि गिअर ह्यांमधली फट फीलर गेजने मोजतात. बहुतेक छोट्या गाड्यांत नवीन असताना ती मिलिमीटरभर असते, अर्धा मिलिमीटर राहिली की रिंग बदलायची. तिथे कुठलंही महाग ऑइल जादू करत नाही.

बदलायचं ठरलं तर गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून कोमट करा आणि सपाट जागेवर घ्या. आधी वरचा, भरायचा नट सोडवा, खालचा नंतर. हे उलटं केलं आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर ऑइल खाली ट्रेमध्ये आणि गाडी तिथेच. असा एकाचा रविवार वाया गेलेला मी पाहिलाय, त्याला ओढून आणायला मीच गेलो होतो. खालच्या नटाला लोहचुंबक असेल तर त्यावरचा राखाडी लेप बोटावर घेऊन चोळा. शाईसारखा मऊ असेल तर ठीक. टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा म्हणजे गिअरबॉक्स उघडावाच लागेल. ऑइल उन्हात धरल्यावर पिवळी चमकी दिसली तर ती रिंगेची. दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. नाल्याच्या पुरातून गाडी काढलेल्यांनी हे आठवणीने बघावं.

वॉशर नवीन टाका, दहा-वीस रुपयांसाठी जुनं दाबून बसवू नका. छोट्या गाडीत साधारण दोन ते अडीच लिटर लागतं, नेमका आकडा पुस्तकात. वरच्या भोकाच्या काठाशी ऑइल येऊन ठिबकायला लागलं की थांबायचं, पुस्तकात वेगळी पद्धत नसेल तर. "अजून पाव लिटर जाऊ दे" करणाऱ्यांचं ऑइल फेसाळतं आणि अ‍ॅक्सलच्या सीलमधून बाहेर येतं, मग ते माझ्याकडे गळती काढायला येतात.

निघालेलं ऑइल आमच्याकडे लाकडी खांबांना, बैलगाडीच्या आसाला लावायला मागून नेतात. गटारात किंवा बांधावर मात्र ओतू नका, विहिरी जवळ आहेत. मी ड्रममध्ये साठवतो आणि जुनं ऑइल घेणारा परवानाधारक येतो त्याला देतो.

शेवटी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहा: तारीख, किलोमीटर, जीएल किती, जाडी किती. जुनी गाडी घेतलीत आणि अशी पट्टी नसेल, तर आतमध्ये काय आहे हे कोणालाच माहीत नाही असं धरा आणि पहिल्या महिन्यातच बदलून टाका. गुरुजींच्या गाडीत आता ७५डब्ल्यू-८०, जीएल-४ आहे. पट्टी त्यांनी स्वतः लिहिली, सुवाच्य अक्षरात, खाली सही करून.