बायनॉरल बीट्स ऐकाचे असतील त आधी इअरफोन नीट पाहा

"१० मिनिटात गाढ झोप" लिहिलेले ते बायनॉरल बीट्सचे घूं घूं आवाजाचे व्हिडिओ आता गावातले पोट्टेही ऐकून राहिले, पोलीस भरती अन् एमपीएससीवाले त जास्तच. पण अर्धे जण मोबाईल स्पीकरवर लावून उशाशी ठेवतात अन् मंग म्हणतात काई फरक नाई पडला. पडणारच नाई न बाप्पा, दोन कानात दोन वेगळे सूर गेल्याशिवाय हा बायनॉरलचा ठेका डोक्यात तयार होतच नाई.

वावरात जवळजवळच्या दोन विहिरींवर मोटरी चालू असल्या की कधी कधी दोघींचा आवाज मिळून घूंऽऽ घूंऽऽ असा वर-खाली होते, तसाच हा ठेका. फरक एवढाच का मोटरींचा ठेका हवेतच तयार होते अन् बायनॉरलचा डोक्यात. डाव्या कानात २०० हर्ट्झचा (सेकंदाला २०० कंपनं) सूर दिला, उजव्यात २१० चा, त मधातला १० चा फरक थरथरीसारखा जाणवते, सेकंदाला १० वेळा. नुसता १० हर्ट्झचा आवाज माणसाला ऐकूच येत नाई, आपला कान साधारण २० पासून पुढचं ऐकते. आवाज कोणत्या बाजूनं आला हे ओळखाले मेंदूच्या बुडाशी जी जागा आहे, जिथं दोन्ही कानांकडून आलेलं जुळवल्या जाते, तिथं हा ठेका तयार होते. हे काई आजकालचं खूळ नाई, प्रशियातल्या हाइनरिश डोव्ह नावाच्या शास्त्रज्ञानं १८४१ च्या सुमारास ओळखलं होतं, अन् १९७३ मध्ये जेराल्ड ऑस्टर यानं सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यावर सविस्तर लिहिलं तेव्हापासून गाजलं.

आता मेन काम. इअरफोन महागाचा नको, बाजारातला वायरवाला साधा चालते, पण दोन्ही बाजू सारख्या वाजल्या पायजे. एल लिहिलेला डाव्या कानात, आर उजव्यात. उलटा घातला तरी ठेका येते, तेवढं टेन्शन घेऊ नका. मोबाईलच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन मोनो ऑडिओ बंद आहे का ते पाहा, चालू असला त दोन्ही सूर एकत्र होऊन दोन्ही कानात एकच आवाज जाते. डॉल्बी, थ्रीडी साउंड, इक्वलायझर सगळं बंद करा. मंग टेस्ट घ्या: आवाज लावा, थरथर ऐकू आली की एका कानातला इअरफोन काढा. थरथर गायब होऊन नुसता सपाट सूर राहिला त सेटिंग बरोबर आहे. एका कानातही थरथर चालूच राहिली त फाईलच मिसळलेली आहे नाईतर मोनो चालू आहे, ते ऐकण्यात काई मतलब नाई. पाऊस नाईतर म्युझिक टाकलेल्या फाईलीत हे नीट कळत नाई म्हणून टेस्टले आधी नुसत्या सुरांचीच घ्या.

कोणता आकडा, म्हणजे दोन सुरातला फरक, घ्याचा? थकून आले, अंग सैल कराचं आहे, त ८ ते १२ च्या मधातला, मेंदूच्या लहरींच्या नावावरून त्याले अल्फा म्हणतात. ध्यानाले ५ ते ७, म्हणजे थीटा. अभ्यासाले १४ ते २०, बीटा. झोपेसाठी ४ च्या खालचा डेल्टा. मूळ सूर २०० ते ४०० हर्ट्झचा असला की कानाले बरा लागते. १००० च्या वर गेला की ठेका जवळपास लागतच नाई, अन् दोन सुरातला फरक ३० च्या वर नेला की थरथर जाऊन दोन वेगळे सूर ऐकू येतात. ४३२ हर्ट्झनं पैसा येते, ५२८ नं डीएनए दुरुस्त होते, हे व्हिडिओ व्ह्यूज खेचाचे धंदे आहेत, डेटा वाचवा.

घरी कॉम्प्युटर असला त फाईल स्वतः बनवलेलीच बरी. ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यात दोन मोनो ट्रॅक घ्या, एकात २०० चा साइन टोन, दुसऱ्यात २०६ चा, आवाज ०.२ च्या आसपास, २० मिनिटांचा. पहिला ट्रॅक पूर्ण डावीकडे पॅन करा, दुसरा पूर्ण उजवीकडे, अन् स्टिरिओमध्ये एक्सपोर्ट करा. मोबाईलमध्ये टाकून ठेवली की नेट नसलं तरी चालते, मधात जाहिरात येऊन दचकाचीही भानगड नाई.

बसाचं कसं त, मे महिन्यात दुपारी कूलरच्या समोर नका बसू, त्याच्या घरघरीत सूर ऐकू येत नाई म्हणून माणूस आवाज वाढवत जाते अन् कानाची वाट लागते. सकाळी उन्ह तापाच्या आधी नाईतर रात्री जेवणं झाल्यावर छपरीत बसा, बाजेवर पडले तरी चालते पण ध्यान कराचं असलं त पडू नका, झोप लागते. आवाज एवढाच का बाजूनं कोणी हाक मारली त ऐकू आली पायजे. पहिले दोन-तीन मिनिटं सूर डोक्यात बोचल्यासारखा वाटते, त्याच्याकडे ध्यान न देता श्वास पाहात राहाचं. १५-२० मिनिटं बस झाले. अभ्यासवाल्यांनी माह्या मते पाठांतर करताना लावू नये, गणितं-बुद्धिमत्तेचा पेपर सोडवाच्या आधी ऐकून घ्याचं अन् काढून ठेवाचं. सकाळच्या सामुदायिक ध्यानाले जे रोज बसतात त्यांना याची गरज नाई, अन् तिथं कानात वायर घालून बसूही नका, बुढे लोक रागावतात ते बरोबरच आहे.

फायदा किती, त खरं सांगाचं म्हणजे अभ्यासांचे निकाल एकसारखे नाईत. ऑपरेशनच्या आधीची घबराट कमी झाली असं काई ठिकाणी दिसलं, पण मेंदूच्या लहरी खरंच त्या आकड्यावर जातात का, यावर काई अभ्यास हो म्हणतात अन् काई नाई. त्यामुळे बीपीची गोळी नाईतर डॉक्टरचा इलाज याच्यावर सोडू नका.

फिट येणाऱ्यांनी डॉक्टरले विचारल्याशिवाय ऐकू नये. एका कानानं कमी ऐकू येत असलं त ठेका नीट लागणारच नाई. गाडी, ट्रॅक्टर चालवताना नाईच. अन् रात्रीची लाईन आहे म्हणून ओलीत कराले गेले, नाईतर डुकरांसाठी जागलीवर बसले, त दोन्ही कान बंद करून बसू नका, साप-जनावराचा आवाज कळला पायजे. आठ-दहा दिवस ऐकून काहीच वाटलं नाई त सोडून द्या, सगळ्यांनाच लागू पडते असं नाई.