बागेतल्या हौदाला पंप घेताना: आधी ड्रम, मग मोटार

माशांच्या हौदासाठी पुण्याच्या तपकीर गल्लीत (विजेच्या सामानाच्या बाजारात) पंप घ्यायला जाण्याआधी टेप काढा आणि हौद मोजा. ‘असेल दोनेक हजार लिटर’ या अंदाजावर पंप घेऊ नये. लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला 28.3 ने गुणायचं. आमचा सहकारनगरचा हौद 8 बाय 5, पाणी अडीच फूट. 100 घनफूट, म्हणजे 2,830 लिटर.

आता पंप नाही, फिल्टर ठरवायचा. पंप नुसता हमाल आहे, खरं काम फिल्टरमधले जिवाणू करतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ माशांना विषारी, तिसरा बराच निरुपद्रवी. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडायची घाई करू नका.

तयार फिल्टर मिळतात, पण मी 200 लिटरच्या निळ्या ड्रमच्या बाजूची आहे. त्यात आधी कुठलं रसायन भरलेलं होतं हे माहीत नसेल तर तो घेऊ नका. पंपाचं पाणी तळाशी सोडायचं, ते वर चढत जाडा स्पंज ओलांडतं, मग जिवाणूंच्या थरातून जाऊन वरच्या पाइपातून हौदात पडतं. थरासाठी महागडे बायोबॉल (जिवाणूंना बसायला केलेले प्लास्टिकचे गोळे) लागतातच असं नाही. भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या जाळीच्या पिशवीत भरल्या तरी काम होतं (तारेच्या नव्हे!). खडी मात्र नको. ती गाळाने तुंबते आणि उपसताना कंबर मोडते. तळाला एक कॉक बसवून घ्या. बाहेर जाणारा पाइप दोन इंची हवा, कारण तिथे दाब नसतो, पाणी आपल्या वजनाने उतरतं.

मग पंप. गोल्डफिश थोडे असतील तर हौदभर पाणी दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरलं तरी चालतं. कोई (मोठे होणारे रंगीत जपानी मासे) असतील तर तासाला एकदा हवं. खोक्यावर छापलेला ‘3000 लिटर’ हा आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसेल तेव्हाचा. शेजारी ‘एच-मॅक्स’, म्हणजे कमाल उंची, लिहिलेलं असतं; त्या उंचीला पंप गुरगुरतो, पण पाणी येत नाही. आपल्या कामाची उंची हौदातल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून पाणी जिथवर चढवायचं तिथपर्यंत मोजायची, पंप किती खोल बसवलाय त्यावरून नाही. आमच्याकडे ती मीटरभर आहे. एच-मॅक्स अडीच मीटर असलेला 3000 चा पंप तिथे 1,800 च्या आसपास देतो, आणि गोल्डफिशना तेवढं पुरतं. त्यातही अर्ध्या इंची बागेची नळी लावलीत तर पाणी आणखी घटेल. एक इंची घ्या, कोपरे कमी ठेवा. पंप बसवल्यावर बादली लावून बघा: 10 लिटर भरायला 20 सेकंद लागले तर तासाला 1,800 लिटर.

हा पंप दिवसरात्र चालणार, म्हणून वॅट बघा. 50 वॅटचा पंप महिन्याला 36 युनिट खातो. घरात पडून असलेली अर्ध्या एचपीची मोनोब्लॉक मोटार लावू म्हणणारा एक तरी काका प्रत्येक सोसायटीत असतो. ती सतत चालली तर महिन्याला साडेतीनशे युनिटच्या वर जाईल. कूलरचा पंप स्वस्त आहे खरा, पण तो फिल्टरच्या उंचीला फारसं पाणी देत नाही. आमच्या ह्यांना कारंजंही हवं होतं. त्याला वेगळा छोटा पंप घेतला, कारण एकाच पंपातून दोन्ही चालवलं तर फिल्टर उपाशी राहतो.

पंप तळाशी न ठेवता विटांवर ठेवा. बाहेरचा पाइप निसटलाच तरी पंपाच्या खालचं पाणी माशांना उरतं. जोडणीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा.

रात्री पंप बंद करायची काटकसर नको, एप्रिल-मेमध्ये तर मुळीच नको. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि रात्री शेवाळ-वनस्पतीही तो वापरतात. दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट गेली, तर ड्रममधलं साचलेलं पाणी कुजतं. लाइट आल्यावर आधी तळाचा कॉक उघडून ते झाडांना सोडा, मगच पंप चालू करा. स्पंज नळाखाली धुऊ नका, पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं. हौदाचंच पाणी बादलीत घेऊन पिळा. पाणी हिरवंगार होत असेल तर यूव्ही दिवा उपयोगी पडतो, मात्र धाग्यासारख्या शेवाळावर तो चालत नाही.

बोअरचं पाणी असेल तर पंपाच्या पंख्यावर पांढरे क्षार चढतात आणि धार हळूहळू बारीक होते. पंप उघडून पंखा लिंबूफुलाच्या पाण्यात तासभर बुडवायचा, जुन्या टूथब्रशने घासायचा आणि स्वच्छ धुऊन परत बसवायचा.