टपातून सोलरची वायर: गळती कशी थांबवली

त्र्यंबकच्या रस्त्याला पाऊस तिरका झोडपला, की व्हॅनच्या टपातून वायरीच्या कडेने थेंब आत. नाशिकच्या सरळ सरीत काही कळायचं नाही. कारण साधं: एका भोकाच्या ग्लँडमध्ये (वायर आत घेताना भोक बंद करणारी रबरी सीलची टोपी) दोन वायरी कोंबलेल्या. रबर एकाच गोल वायरीवर घट्ट बसतं. दोघींमधली फट उघडीच राहते. ४ चौरस मिमीच्या वायरींसाठी दोन भोकांचा ग्लँड लावला, तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. पत्र्याच्या भोकाची कड कानशीने घासून रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) लावलं, रात्रभर वाळवलं. नाहीतर गंज सीलंटखालून सरकतो. सिलिकॉन नकोच, त्याच्या थरावर पुन्हा काही चिकटत नाही. पॉलियुरेथेन सीलंट वापरलं. आत कंट्रोलरच्या (पॅनेलमधून बॅटरी चार्ज करणारा डबा) आधी वायरीला खाली झोल दिला, थेंब आलाच तर तिथेच गळेल. कंट्रोलरला जोडताना पॅनेल झाकायचं, आधी बॅटरी, मग पॅनेल.