घराबाहेर पडताना देवावर भरवसा कसा ठेवावा

सकाळी हडपसरहून स्कूटी काढण्याआधी मी बायबलमधलं स्तोत्र 121 मोठ्याने म्हणते. आठच वचनं आहेत, तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. मग घरातल्या एकेकाचं नाव घ्या. ‘सगळ्यांना सांभाळ’ एवढंच नको. यांची चाकणची रात्रपाळी, लेकीची गच्च भरलेली पीएमपी बस, ज्याची धास्ती वाटते ते प्रभूला नीट सांगा.

हेल्मेट मात्र घालाच. सैतानाने स्तोत्र 91 मधलं वचन पुढे करून येशूला मंदिरावरून उडी टाकायला सांगितलं, तेव्हा देवाची परीक्षा पाहू नये, असंच प्रभूने उत्तर दिलं (मत्तय 4). सिग्नल तोडून संरक्षण मागणं त्यातलंच.

रात्री कुणाचा फोन लागत नसेल, तर 121 चं शेवटचं वचन त्याचं नाव घालून म्हणा. जीव थाऱ्यावर येत नसेल तर चर्चच्या मंडळीतल्या कुणाला तरी उठवा, संकोच करू नका.