‘तालुका:पेडणे भाडे:<१५०००’ ही शोधओळ कशी फोडायची

गोव्यातल्या भाड्याच्या घरांची साइट धरा. शोधचौकटीत ओळ येते:

तालुका:पेडणे भाडे:<१५००० "किनाऱ्याजवळ" -दलाल

एकाच रेजेक्सने (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राने) ती फोडू नका. कंस आणि ‘किंवा’ आले की तो तोकडा पडतो. त्यात शब्दातले अक्षर ओळखणारी खूण, जावास्क्रिप्टचा ‘\डब्ल्यू’, देवनागरी ओळखतच नाही, आणि पायथनचा काना-मात्रेशी तुटतो. एकेक अक्षर वाचत आधी टोकन (शब्द, चिन्हे असे सुटे तुकडे) पाडा, मग कोणता तुकडा कशाला लागू आहे हे दाखवणारे त्यांचे झाड बांधा.

त्याआधी ओळ धुऊन घ्या. युनिकोडचे एनएफसी रूप करा (म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या सांकेतिक पद्धती एक होतात), मोबाइलने घातलेली वळणदार अवतरणचिन्हे सरळ करा, देवनागरी आकडे इंग्रजी करा (पायथनचे ‘इंट’ ते वाचते, जावास्क्रिप्टचे ‘नंबर’ मात्र ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडा नाही’, असे देते). खरी गोम ‘ऱ्या’मध्ये आहे. कुणाचा कीबोर्ड ऱ, हलन्त, य असे पाठवतो, कुणाचा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (न दिसणारे जोडचिन्ह), य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एनएफसी त्यांना एक करत नाही. झेडडब्ल्यूजे नुसता पुसलात तर ‘र्या’ उरतो आणि तोही जुळत नाही. म्हणून र, हलन्त, झेडडब्ल्यूजे या तिकडीच्या जागी ऱ, हलन्त घाला. हीच धुलाई इंडेक्समधल्या (ज्यात शोधायचे त्या साठ्यातल्या) मजकुरालाही हवी, नाहीतर सगळी मेहनत वाया.

कोलनऐवजी विसर्ग येणे नेहमीचेच: ‘तालुकाः पेडणे’. विसर्गाआधीचा शब्द आपल्या फील्डच्या (तालुका, भाडे अशा रकान्यांच्या) यादीत असेल तरच त्याला कोलन माना. कोलननंतरची मोकळी जागाही चालवून घ्या. यादीत नसलेले फील्ड आले (‘१०:३०’ हेही तसेच दिसते) तर एरर न देता तो साधा शब्द समजा. उणे चिन्ह टोकनच्या सुरुवातीला असेल तरच नकार. एरवी ‘पणजी-मडगाव’ शोधणाऱ्याला मडगाव वगळलेले निकाल मिळतील. अवतरण बंद करायचे राहिले तर ते ओळीच्या शेवटी बंद झाले असे धरा.

प्राधान्य असे: आधी नकार, मग ‘आणि’ (मोकळी जागा म्हणजे आणि), शेवटी ‘किंवा’. प्रत्येकाला एक फंक्शन, ते पुढच्याला हाक मारते, की रिकर्सिव्ह डिसेंट पार्सर (ओळ फोडून झाड बांधणारा प्रोग्रॅम) उभा राहतो. कंसांच्या खोलीला मर्यादा घाला. दहा पुष्कळ झाले.

तालुके बाराच, पण लिहिणारे पेडणें, पेडण्यात, पेर्नेम, डिचोली, बिचोली, सासष्टी, साष्टी, सालसेत असे काहीही लिहितात. इथे स्टेमरच्या (प्रत्यय काढून मूळ शब्द शोधणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नादी लागू नका. पर्यायी रूपांचा साधा तक्ता पुरतो.

झाडावरून एसक्यूएल (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) तयार करताना मूल्ये पॅरामीटरनेच द्या, म्हणजे प्रश्नाच्या मजकुरात न चिकटवता वेगळी पाठवा. कॉलमचे नाव पॅरामीटरने देता येत नाही, ते आपल्या यादीतूनच उचला. नुसते ‘-दलाल’ आले तर जवळजवळ सगळा टेबल परत येईल, तेव्हा निकालांवर लिमिट हवीच. पार्सरला जे समजले ते चौकटीखाली दाखवा: ‘तालुका पेडणे, भाडे १५००० पेक्षा कमी, "किनाऱ्याजवळ", दलाल नको’. चूक लिहिणाऱ्याच्या तिथेच लक्षात येते.