डिझेल गाडीची एमिशन वॉरंटी डीलरकडून कशी वसूल करावी

अमेरिकेत डिझेल गाडी चालवत असाल, तर सर्व्हिस काउंटरवर एक वाक्य कधी ना कधी ऐकाल : "तुमची वॉरंटी संपलीय." मीही ऐकलं, खरं मानलं आणि कार्ड काढून दिलं. महिनाभराने वॉरंटीचं पुस्तक चाळताना कळलं, की संपली होती ती साधी वॉरंटी. धूर-नियंत्रणाची, म्हणजे एमिशन वॉरंटी अजून चालू होती. तेव्हापासून स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांसाठी हा तंटा बऱ्याचदा केलाय. "डीलरशी गोड बोला, तो सांभाळून घेईल" असा सल्ला लोक देतात, त्याचा मला आता राग येतो. गोड जरूर बोला, पण काम कागदाने होतं.

आधी मुदत बघा. केंद्रीय कायद्याने एमिशनच्या सर्वसाधारण भागांना २ वर्षं किंवा २४,००० मैल मिळतात, यांतलं जे आधी संपेल ते. १९९५ च्या मॉडेलपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एमिशन सांभाळणारा कॉम्प्युटर आणि बिघाड स्वतः ओळखणारी ऑनबोर्ड डायग्नॉस्टिक यंत्रणा यांना ८ वर्षं किंवा ८०,००० मैल आहेत. माल-माणसांसह कमाल वजन ८,५०० पौंडांच्या वर असलेल्या मोठ्या पिकअपचा हिशोब वेगळा, तिथे साधारणपणे ५ वर्षं किंवा ५०,००० मैल. कॅलिफोर्नियाच्या नियमात बसणाऱ्या गाडीला ३ वर्षं किंवा ५०,००० मैल, आणि महागड्या भागांना ७ वर्षं किंवा ७०,००० मैल. डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर), ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा), डीईएफचा (धूर शुद्ध करायला लागणाऱ्या युरियाच्या द्रवाचा) इंजेक्टर यांपैकी काय कुठल्या मुदतीत येतं, ते कंपनीच्या पुस्तकात छापलेलं असतं. ते पान सोबत ठेवा. मुदत मॉडेलच्या वर्षापासून मोजत नाहीत, गाडी पहिल्यांदा विकली गेली त्या दिवसापासून मोजतात. २०१८ चं मॉडेल २०१९ मध्ये विकलं गेलं असेल, तर एवढ्यानेच महिनोन् महिने हाती लागतात. गाडी जुनी घेतली असली तरी हक्क तुमचाच.

फोक्सवॅगनची २.० लिटर टीडीआय किंवा २०१४ ते २०१६ ची राम १५०० वा जीप ग्रँड चेरोकी इकोडिझेल असेल, तर आणखी एक वॉरंटी तपासा. एमिशन चाचणीतल्या फसवणुकीच्या प्रकरणात सरकारशी झालेल्या तडजोडीनुसार सुधारणा करून दिलेल्या या गाड्यांना पहिल्या विक्रीपासून १० वर्षं किंवा १ लाख २० हजार मैल, नाहीतर सुधारणेपासून ४ वर्षं किंवा ४८,००० मैल, यांतली जी उशिरा संपेल ती मुदत आहे. डीलरकडच्या नव्या मुलाला हे माहीत असेलच असं नाही.

चेक इंजिनचा दिवा लागला की स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा कोड टिपून ठेवा, पुसू नका. पी २००२ म्हणजे डीपीएफ नीट काम करत नाही, पी २०ईई म्हणजे एससीआर कॅटॅलिस्टची (डीईएफच्या मदतीने धूर शुद्ध करणाऱ्या भागाची) कार्यक्षमता घसरली, पी ०४०१ म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी.

आता खरी अडचण, काउंटर. मी इथेच हरलो होतो. डीलर "नाही" म्हणतो, तो तोंडी म्हणतो, आणि तोंडी नकाराचा मागे काहीच पुरावा उरत नाही. गाडी देतानाच रिपेअर ऑर्डरवर (डीलर कामाची नोंद करतो त्या कागदावर) लिहून घ्या : "ग्राहक एमिशन वॉरंटीखाली क्लेम करत आहे." "आधी पैसे भरा, मंजूर झालं तर परत देऊ" अशा कागदावर सही करू नका. मी केली होती. ते पैसे परत आलेच नाहीत, कारण रिपेअर ऑर्डरवर वॉरंटीचा उल्लेखच नव्हता.

नकार आलाच, तर तीन गोष्टी लेखी मागा : कुठला भाग निकामी झाला, क्लेम का नाकारला आणि कोणी नाकारला. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तरच मिळत नाही, कारण कंपनीला कोणी विचारलेलंच नसतं. वॉरंटी कंपनीने दिलेली असते, काउंटरवरच्या सर्व्हिस ॲडव्हायझरने नाही. डीलरचा नकार हा कंपनीचा नकार नव्हे. वॉरंटीचं काम पाहणाऱ्या माणसालाच भेटा आणि क्लेम कंपनीकडे पाठवायला लावा. गाडी धूर तपासणीत नापास झाली असेल तर तुमची बाजू आणखी भक्कम : गाडी दुरुस्तीला दिल्यापासून ३० दिवसांत कंपनीने कारणासह लेखी नकार दिला नाही, आणि उशीर तुमच्यामुळे किंवा कोणाच्याच हातात नसलेल्या कारणाने झालेला नसला, तर दुरुस्ती फुकट करून द्यावी लागते.

"तुम्ही ऑइल बाहेर बदलता" हे नकाराचं कारण होत नाही. १९७५ च्या वॉरंटी कायद्यानुसार कंपनी तिच्याच डीलरकडून सर्व्हिसिंग करून घेण्याची सक्ती करू शकत नाही. देखभाल झाली नाही म्हणूनच हा भाग बिघडला, असं तिला दाखवावं लागतं. म्हणून ऑइलच्या आणि डीईएफच्या पावत्या जपा. भेसळ किंवा चुकीचं द्रव टाकीत गेलं असेल, तर क्लेम बुडतो. कोणी डीपीएफ काढून ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरची मांडणी) बदलून दिली असेल तर हा लेख तुमच्या उपयोगाचा नाही. ती कायद्याने मना असलेली छेडछाड आहे आणि त्या गाडीसाठी मी कोणाशीही भांडणार नाही.

"दोष आढळला नाही" म्हणून गाडी परत मिळाली तरी रिपेअर ऑर्डर घ्याच, तारीख आणि मैल लिहिलेली. मुदतीत तक्रार केल्याचा पुरावा तोच. पुढे मुदत उलटल्यावर तोच भाग गेला, तर हा कागद पुढे करता येतो.

तरीही अडलं तर कंपनीच्या ग्राहक विभागात केस नंबर घ्या आणि दुसऱ्या डीलरकडे तोच नंबर सांगा. पुढे ईपीएकडे (केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेकडे) तक्रार, कॅलिफोर्नियात एअर रिसोर्सेस बोर्डाकडे. रक्कम मर्यादेत बसत असेल तर स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे छोट्या रकमांचे दावे चालवणारं कोर्ट.

काम झाल्यावर बिलावर बदललेला भाग आणि "एमिशन वॉरंटी" हे शब्द आहेत ना ते बघा, आणि धूर तपासणीला जाण्याआधी गाडीचे सगळे मॉनिटर (तिने स्वतःच्या करायच्या तपासण्या) तयार होईपर्यंत ती चालवा.